जाधवचा हात

कतारमध्ये दुखानच्या तेलाच्या कॅम्पवर दोन गोष्टी आपोआप साठायच्या. दाराशी वाळू आणि माणसांकडे किस्से. वाळू सकाळी झाडून टाकता यायची, किश्शांचं तसं नाही. आम्ही जुने दुखानवाले आता कुठे लग्नामुंजीत भेटलो की कुणीतरी एक काढतो, दुसरा म्हणतो, "असं नव्हतं झालं," आणि पंगत उठली तरी आमचं चालूच. बायका वैतागतात. वैतागू देत. त्या तिथे नव्हत्याच. सत्तरच्या दशकाच्या शेवटाशी कंपनीच्या बॅचलर क्वार्टर्समध्ये आम्ही सगळे सडे होतो, लग्न झालेलेसुद्धा.

हे सगळे किस्से एकाच ग्राउंडचे आहेत. मी स्टोअरकीपर होतो आणि शुक्रवारी विकेटकीपर. दोन्हीकडे काम एकच, हातातून काही सुटू द्यायचं नाही.

* * *

ग्राउंड म्हणजे काय, तर कॅम्पच्या मागे समुद्राच्या अंगाला पसरलेली सपाट, कडक, खारट जमीन. गवताची काडी नाही. पिचची माती हसनमियाँनी आणली. हसनमियाँ दापोलीकडचे, पाण्याचा टँकर चालवायचे, वयाने आमच्यात सगळ्यात मोठे. आत वाळवंटात पावसाचं पाणी साचून गाळ बसतो अशा जागा त्यांना ठाऊक होत्या. तिथून त्यांनी गाळ भरून आणला, थापला, वर मुंबईहून आलेली काथ्याची मॅट ठोकली. दर गुरुवारी संध्याकाळी टँकर पिचशी लावून पाणी मारायचे. लहान बाळाला अंघोळ घालावी तितक्या मायेने.

एक दिवस कॅम्पच्या इंग्रज साहेबाने त्यांना बोलावलं. दुभाषी म्हणून मी. साहेब म्हणाला, माझ्या बंगल्यातले गुलाब वाळायला लागलेत, गुरुवारचं पाणी जातं कुठे?

हसनमियाँ माझ्याकडे वळले. "नाना, साहेबाला विचार, गुलाब ओपनिंगला जानार हाय काय?"

मी साहेबाला सांगितलं, "सर, ही इज व्हेरी सॉरी."

* * *

आता देशपांडेसाहेब. पुण्याचे, इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर. चष्मा, इस्त्रीची पँट, चाळीस डिग्रीतसुद्धा शर्टाचं वरचं बटण लावलेलं. ते खेळायचे नाहीत. ते अंपायर. क्रिकेटचे सगळे कायदे त्यांना पाठ होते, आणि दोह्याहून येणाऱ्या टीमसुद्धा म्हणायच्या की अंपायर देशपांडे असतील तर दुसरा आणायची गरज नाही. आपल्या माणसाला आऊट देताना त्यांचं बोट जास्त ताठ व्हायचं, अशी आमची तक्रार होती.

आणि जाधव. कराडच्या बाजूचा, वेल्डर. छाती ही एवढी, आवाज त्याहून मोठा. असा फास्ट बोलर मी आजवर पाहिलेला नाही. बॉल माझ्या ग्लोव्हजमध्ये यायचा तेव्हा रात्रभर तळवे ठणकायचे. भानगड एकच होती. काही बॉल तो टाकायचा आणि काही, लोक म्हणायचे, फेकायचा. म्हणजे कोपरातून झटका मारून, कैरीला दगड मारावा तसा. आणि क्रिकेटमध्ये फेकलेला बॉल म्हणजे नो बॉल.

कुणी फेकी म्हटलं की जाधव पेटायचा. "जोतिबाची आण घेऊन सांगतो, माझा हात सरळ आहे."

दोह्याच्या अल मुंतझा भागातली टीम आली होती. त्यांच्यात आपलेच मालवण-मुंबईकडचे पुष्कळ. शेवटची ओव्हर, त्यांची शेवटची जोडी, जिंकायला दोन रन. जाधवने यॉर्कर टाकला, स्टंप उडाले, आम्ही नाचायला लागलो. देशपांडेसाहेबांचा हात आडवा.

नो बॉल.

पुढच्या बॉलवर मॅच गेली. आपल्याच कंपनीच्या माणसाने आपलीच मॅच घालवली. संध्याकाळी मेसमध्ये जाधव ताट घेऊन सरळ त्यांच्या टेबलाशी गेला. सगळे चमचे थांबले.

"साहेब, माझा हात सरळ होता."

देशपांडेसाहेबांनी वरणभात कालवता कालवता वर पाहिलं. "जाधव, हात तुमचा आहे. डोळे माझे आहेत."

जाधवने ताट तिथेच ठेवलं आणि निघून गेला. त्या दिवसापासून त्याने बॉलला हात लावला नाही. शुक्रवारी आम्ही ग्राउंडवर निघालो की तो खोलीच्या पायरीवर बसून बूट पॉलिश करायचा, आमच्याकडे न बघता. त्या दोघांचं बोलणं बंद झालं ते झालंच. एकाच मेसमध्ये जेवणारी दोन माणसं, आणि मीठ हवं असलं तरी मध्ये माझ्यामार्फत.

* * *

मग एका शुक्रवारी सकाळी जाऊन बघतो तर ग्राउंडवर चुन्याचा भलामोठा चौकोन, आणि आमची मॅट गुंडाळून कडेला टाकलेली. अमेरिकन ड्रिलिंगवाले आले होते. त्यांना बेसबॉल खेळायचा होता. त्यांचा म्होरक्या हॅरिस, माणूस तसा सभ्य. म्हणाला, सहा दिवस आम्हीपण रिगवर मरतो, आम्हालापण शुक्रवारच आहे.

हसनमियाँ त्या गुंडाळलेल्या मॅटवर जाऊन बसले. "ह्या मातीचा कण न् कण मी आनलाय. मला हितनं उठवून दाखवा," म्हणाले. ते उठेनात आणि हॅरिस हटेना. शेवटी कॅम्पचा इंग्रज साहेब आला. त्याचे गुलाब अजून मनात असावेत. म्हणाला, शुक्रवार एक, ग्राउंड एक. एक मॅच खेळा, जिंकेल त्याला शुक्रवार, हरेल त्याने परत इकडे फिरकायचं नाही. क्रिकेट की बेसबॉल ते नाण्यावर ठरवू.

नाणं उडालं. बेसबॉल.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. आमच्यातल्या एकानेही तो खेळ कधी पाहिलेला नव्हता. आणि समोर डग म्हणून त्यांचा एक ड्रिलर होता, तरुणपणी तिकडे पगार घेऊन बेसबॉल खेळलेला. लाल दाढी, खांदे दरवाजाएवढे. त्याने गंमत म्हणून एक बॉल फेकून दाखवला, तो सुईंऽऽ करत गेला आणि त्यांच्या माणसाच्या हातमोज्यात फाडकन आपटला.

ज्याला हे वाचून हसू येईल त्याला मी एवढंच सांगतो की घरापासून समुद्रापार, घरचं पत्र दोन आठवड्यांनी येणार, फोनला दोह्याला जायचं आणि तिथे रांग लावायची, अशा जागी माणसाला आठवड्यातले दोन-तीन तासच आपले असतात. तेवढेही जाणार होते.

* * *

हॅरिसने नियमांचं पुस्तक दिलं. देशपांडेसाहेबांनी ते दोन दिवसांत पाठ केलं आणि मेसमध्ये आम्हाला समजावलं. बोलर एका जागी उभं राहून बॉल फेकतो. मारणारा तीनदा चुकला की आऊट. तीन आऊट झाले की डाव बदलला. मारून चारही कोपऱ्यांना फेरी घालून परत आलास की एक रन.

"फेकतो?" मी विचारलं.

"फेकतो," देशपांडेसाहेब म्हणाले. "कोपर वाकवूनच फेकतो."

सगळ्यांच्या डोक्यात एकच नाव आलं आणि सगळ्यांनी ताटात मान घातली. जाधव खिडकीजवळच्या टेबलावर पोळी तोडत होता.

देशपांडेसाहेब उठले. मला म्हणाले, "नाना, चला जरा." मी म्हटलं, आता हे दोघे माझ्यामार्फत भांडणार. पण ते सरळ त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"जाधव, तुमच्याशिवाय ग्राउंड जाईल."

"मला काय त्याचं? मी खेळतोय कुठं?"

"म्हणूनच विचारायला आलोय."

जाधव पाणी प्यायला. सावकाश, पूर्ण ग्लास. "ग्राउंड राहिलं तर पुढच्या शुक्रवारी क्रिकेट. मुंतझावाल्यांनाच बोलवायचं. पहिली ओव्हर माझी. आणि अंपायर तुम्ही. दुसरा नको."

देशपांडेसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"मान्य. पण दिसेल तेच बोलेन."

"ते तुमचं तुम्ही बघा," जाधव म्हणाला, आणि उरलेली पोळी खायला लागला.

* * *

प्रॅक्टिसच्या पहिल्या दिवशी जाधवने सवयीने बॉल टप्पा पाडून टाकला. देशपांडेसाहेब म्हणाले, टप्पा चालत नाही. जाधव म्हणाला, म्हणजे फुलटॉस? फुलटॉस टाकला तर आमच्याकडे आईबहिणीवरून ऐकून घ्यावं लागतं. मग त्याने टाकला. मी बॅटरच्या मागे बसलेलो, साधे कीपिंग ग्लोव्हज. बॉल दिसला तो एकदम नाकासमोर. मी बाजूला झालो म्हणून हे सांगायला आहे.

अमेरिकनांकडे कीपरला लोखंडी जाळीचा मुखवटा असतो. आमच्याकडे कुठला? जाधवनेच त्याचं वेल्डिंगचं शील्ड आणलं, काळी काच काढून टाकली, तिथे दोन सळया मारल्या. छातीला मी स्टोअरमधली पाइपला गुंडाळायची जाड पट्टी बांधली. मॅचच्या दिवशी मला बघून डगने छातीवर क्रॉसची खूण केली.

पण जाधव. त्या आठवड्यात तो माणूसच बदलला. इतकी वर्षं ज्या झटक्याला लोकांनी नावं ठेवली तो त्याने उघड्यावर, मोकळेपणाने मारला. बॉल सरळ येता येता शेवटच्या क्षणी खाली बसायचा. कसा, ते त्यालाही सांगता यायचं नाही. "हाताला विचारा," म्हणायचा.

* * *

मॅचला सगळा कॅम्प लोटला. रिगवरचे अमेरिकन, मेसमधले केरळी, वर्कशॉपचे पठाण, दुरून दोन-तीन कतरी मंडळी गाडीच्या बोनेटवर बसून. अंपायर एक फिलिपिनो सर्व्हेअर, त्यांच्याकडे हा खेळ चालतो. सात डाव ठरले.

आणि रनच होईना. डग फेकायचा, आमचे लोक बॅट फिरवायचे, बॉल कधीच गेलेला असायचा. तीन आले, तीन गेले. जाधव फेकायचा, त्यांचे तीन आले, तीन गेले. आपल्याकडे असं झालं असतं तर लोक कंटाळून चहाला गेले असते. इथे कुणी हललं नाही. प्रत्येक बॉलला माझ्या हातात सुरुंग फुटत होता आणि पलीकडे त्यांच्या कीपरच्या हातात. बास, तेवढाच आवाज.

हसनमियाँची पहिली पाळी आली. आश्चर्य म्हणजे बॉल बॅटला लागला. घरंगळत सरळ फिल्डरकडे गेला. हसनमियाँ बॅटवर रेलून निवांत उभे. आम्ही सगळे बोंबलतोय, "पळा, पळा!" ते तिथूनच म्हणाले, "अरे, फिल्डरच्या हातात हाय, रन खंय हाय?"

फिल्डरने बॉल पहिल्या कोपऱ्यावर टाकला, खलास, हसनमियाँ आऊट. बेसबॉलमध्ये मारलं की पळावंच लागतं, हे पुस्तकात होतं. हसनमियाँच्या हाडात नव्हतं. परत येऊन ते देशपांडेसाहेबांना म्हणाले, "नसलेला रन धावायला लावनारा हा कसला खेल?"

* * *

सहाव्या डावात परत हसनमियाँचीच पाळी. देशपांडेसाहेबांनी त्यांना खांद्याला धरून सांगितलं, "हसनमियाँ, लागला तर पळायचं. कुठेही गेला तरी पळायचं."

"पळतंय ओ," ते म्हणाले. चिडलेलेच होते.

डगचा हात तेवढाच एकदा सैल पडला असावा. हसनमियाँनी टँकरचं स्टिअरिंग फिरवावं तशी बॅट फिरवली आणि बॉल फिल्डरच्या डोक्यावरून मागच्या सबख्यात. सबखा म्हणजे वरून कडक आणि आत मिठाचा चिखल. फिल्डर पळत गेला आणि पोटऱ्यांपर्यंत आत. एक पाय काढतोय तर दुसरा रुततोय.

हसनमियाँ पळाले. पण बॅटसकट. बेसबॉलवाले मारून बॅट तिथेच टाकतात, हे बॅट कवटाळून एक कोपरा, दुसरा कोपरा, तिसरा कोपरा. धाप लागलेली, दाढी वाऱ्यावर. फिल्डरने बॉल उपटला एकदाचा. हसनमियाँ जिथून निघाले त्या कोपऱ्याशी आले, आणि आयुष्यभराच्या सवयीने हात लांब करून बॅट टेकवली. टेकवली आणि थांबले. क्रिकेटमध्ये बॅट टेकली की माणूस पोचला. इथे बॅटला कुणी विचारत नाही, अंग लागावं लागतं. हसनमियाँ दीड हात अलीकडे, बॅट टेकवून, विजयी चेहऱ्याने उभे, आणि वरून बॉल येतोय.

"पाय!" देशपांडेसाहेब ओरडले. त्या माणसाचा चढलेला आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. "पाय ठेवा, पाय!"

हसनमियाँनी खाली बघितलं, एक पाऊल पुढे टाकलं, आणि त्यांच्या पाठीमागे बॉल कीपरच्या मोज्यात आपटला. फिलिपिनोने दोन्ही हात पसरले. रन.

"आधी सांगायला काय झालेलं?" हसनमियाँ म्हणाले.

* * *

शेवटचा डाव. एक-शून्य. तोपर्यंत शमाल सुटला होता, उत्तरेचा वारा, वाळू घेऊन येणारा. जाधव वाऱ्याच्या तोंडाला उभा होता. हाताला घाम, घामावर वाळू. दोन आऊट झाले, पण एक पोरगा तिसऱ्या कोपऱ्यावर येऊन उभा राहिला. आणि बॅटिंगला डग.

एक रन झाला की बरोबरी, आणि जाधवचा हात संपलेला. मला दिसत होतं, परत आलेला बॉल तो आता दुसऱ्या हाताने घ्यायचा. डग दोन बॉल चुकला. मग लागोपाठ मारत सुटला, चुन्याच्या रेषेबाहेर, बाहेर, परत बाहेर. बाहेर गेलेल्यावर आऊट नसतो, नुसता जीव जातो.

देशपांडेसाहेब वेळ मागून आत आले. मीही गेलो. माझ्या मनात आलं, आता हे त्याला काढतात. त्याच्यासारखा दुसरा नव्हता आणि पहिल्यात काही उरलेलं नव्हतं.

"जाधव, थांबायचं का?"

जाधव ओठावरची वाळू थुंकला. "साहेब, हात कसा दिसतोय?"

"आज मी हाताकडे बघत नाहीये," देशपांडेसाहेब म्हणाले, आणि मागे फिरले.

जाधवने पँटला बॉल पुसला. माझ्या त्या सळयांमधून मला तो अर्धाच दिसत होता. तो वाकला, आणि अख्खं अंग त्या झटक्यामागे टाकलं. बॉल डगच्या कमरेएवढा आला, डगने जीव खाऊन बॅट फिरवली, आणि वाऱ्यात बॉल बसला. माझ्या हातमोज्यात तो जमिनीपासून चार बोटांवर आला. मी तो दोन्ही हातांनी छातीशी धरला आणि बसलो तिथेच. बाकीचे जाधवला उचलून नाचत होते, मला शील्ड काढायचंही सुधरत नव्हतं. मी रडत होतो, ते आत कुणाला दिसलं नाही ते बरं झालं.

हॅरिसने शब्द पाळला, त्याच दिवशी चुना पुसला. डग जाधवचा हात हातात घेऊन उलटसुलट बघत राहिला. मग देशपांडेसाहेबांना विचारलं, "तुमच्या त्या दुसऱ्या खेळात ह्याच्या हातात बॉल देत नाहीत, असं ऐकलं. का?"

देशपांडेसाहेबांनी पहिल्यांदाच कायदा सांगितला नाही.

* * *

पुढचा आठवडा मेसमध्ये दुसरा विषय नाही. निम्मे म्हणत, ज्याने ग्राउंड राखलं त्याला नो बॉल देणारा माणूसच नव्हे. निम्मे म्हणत, देशपांडे आहे तो, स्वतःच्या बापाला देईल. देशपांडेसाहेब जेवण खोलीवर मागवायला लागले. मी एकदा डबा द्यायला गेलो आणि न राहवून विचारलं, "साहेब, काय करणार?"

"उभा राहणार," ते म्हणाले. डबा उघडलाही नाही.

शुक्रवार उजाडला. हसनमियाँनी मॅट ठोकलेली, मुंतझाची टीम बसने आलेली, रिगवरचे अमेरिकनसुद्धा खुर्च्या टाकून बसलेले. देशपांडेसाहेब पांढरा कोट घालून स्टंपामागे उभे राहिले. बॅटिंगला राणे, त्यांचा सगळ्यात चिवट ओपनर. जाधवने रनअप मोजला, माती कपाळाला लावली आणि निघाला.

मी समोर कीपर. मला जे दिसलं ते सांगतो. कोपर वाकलं आणि झटका बसला. डगला मारला होता तोच. मधला स्टंप उखडून माझ्या पायाशी आला.

देशपांडेसाहेबांचा उजवा हात बाजूने हलला, अर्धा वर आला. तिथे थांबला. मग त्यांनी तो कोटाच्या खिशात घातला आणि मान खाली केली.

राणे क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिला, मग बॅट काखेत मारून निघाला. आमच्या लोकांनी ग्राउंड डोक्यावर घेतलं. जाधव नाचला नाही. तो पिचच्या मधोमध उभा राहून त्या खाली घातलेल्या मानेकडे बघत होता.

मग त्याने राणेला हाक मारली. "ए राणे, ये परत."

राणे वळला. "अरे, आऊट आहे ना मी?"

"नाही. नो बॉल होता." आणि माझ्या पायाशी पडलेला स्टंप त्याने स्वतः येऊन उचलला, जागेवर ठोकला, आणि देशपांडेसाहेबांच्या बाजूने जाताना थांबला.

"साहेब, द्या."

देशपांडेसाहेबांनी खिशातून हात काढला आणि आडवा धरला, खांद्याच्या रेषेत, सरळ. जाधव रनअपच्या खुणेशी पोचला, वळला, तरी त्यांनी तो खाली घेतला नव्हता.